जुना डबल बास घ्या, पण ‘गुंतवणूक’ म्हणून नको

प्रश्न : वय ४१. नोकरी सांभाळून एका जॅझ त्रयीत आणि हौशी ऑर्केस्ट्रात डबल बास (व्हायोलिनच्या जातीचं, माणसाएवढं उंच वाद्य) वाजवतो. सध्याचं वाद्य प्लायवुडचं आहे. ऑर्केस्ट्रातले एक ज्येष्ठ वादक आता वाजवणं थांबवताहेत आणि आपला सपाट पाठीचा, कोरीव लाकडाचा जर्मन बास विकताहेत. तो १९०० च्या सुमाराचा आहे, असं ते सांगतात. आत एका इटालियन कारागिराच्या नावाची चिठ्ठी आहे, दाखला मात्र कसलाच नाही. किंमत आमच्या आठ महिन्यांच्या घरखर्चाएवढी. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे. त्यातले चार महिने मोडावेत आणि उरलेल्यासाठी वैयक्तिक कर्ज काढावं, असा विचार आहे. निवृत्तीची गुंतवणूक वेगळी चालू आहे, ती सोडून महिन्याला घरखर्चाच्या पाचव्या हिश्श्याएवढी शिल्लक पडते. वाजवण्याचं मानधन वर्षाला वाद्याच्या किमतीच्या साधारण १२ टक्के. जुन्या वाद्याची किंमत वाढतच जाते, ही गुंतवणूकच आहे, असं सगळे म्हणतात. पत्नीला पटत नाही. काय करावं?

उत्तर : पत्नीला नेमकं काय पटत नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वाद्य घेणं पटत नाही, की त्यासाठी कर्ज काढणं? दुसरं असेल तर मी त्यांच्या बाजूचा. वाद्याबद्दल माझं मत तुमच्याकडे झुकतं, पण ‘सगळे’ सांगताहेत त्या कारणासाठी नव्हे.

आधी ‘गुंतवणूक’ हा मुद्दा निकालात काढू. बासची किंमत १०० धरा. घेतल्यावर तारा पेलणारी नवी घोडी, तारांचा संच, फिंगरबोर्ड (बोटं टेकवायची पट्टी) रंधून घेणं, सुटलेले सांधे चिकटवणं यासाठी १२. विमा वर्षाला १, देखभाल वर्षाला १. दहा वर्षांत एकूण १३२ गेले. आता विकायला काढलंत. दुकानदारामार्फत विकलं तर २० टक्के कमिशन गेलं तरी नवल वाटू नये. वर्षाला ३ टक्क्यांनी किंमत वाढली तर दहा वर्षांनी ती १३४ होते, हातात येतात १०७. म्हणजे २५ चा खड्डा. नुसती बरोबरी साधायची तरी किंमत दरवर्षी पाच टक्क्यांहून थोडी जास्तच वाढायला हवी. तेवढ्यात ६ टक्क्यांच्या साध्या ठेवीत गप्प पडून राहिलेले १०० रक्कम म्हणून १७९ झालेले असतात. हे दर मी हिशेबापुरते धरलेत, तुम्ही आपले घालून बघा. चित्र फारसं पालटत नाही.

जुन्या व्हायोलिनच्या किमतींच्या बातम्या वाचून बासबद्दल अंदाज बांधू नका. व्हायोलिन तिजोरीत मावतं, म्हणून ते न वाजवणारेही विकत घेतात. पाच-सहा फूट उंचीचं खोड घरात ठेवून त्याच्या किमतीची वाट बघत बसणारा माणूस विरळा. जुना बास विकत घेतो तो वाजवणारा, आणि वाजवणाऱ्यांचे खिसे तुम्हाला माहीत आहेत. त्यामुळे किंमत भडकत नाही, पण चांगल्या, वाजत्या वाद्याची सहसा कोसळतही नाही. विकायला मात्र महिने जातात. आजारपण आलं म्हणून सोमवारी काढलं आणि शुक्रवारी पैसे आले, असं या मालात होत नाही. आणि तुम्ही तर अडीअडचणीचेच पैसे त्यात घालायला निघालात.

मग घ्यायचं कशासाठी? वापरासाठी. वर काढलेला २५ चा खड्डा दहा वर्षांवर पसरला तर वर्षाला अडीच. त्यात अडकलेल्या पैशावरचं बुडालेलं व्याज सहा-सात धरा. म्हणजे या वाद्याचं खरं भाडं वर्षाला नऊच्या आसपास पडतं. तुमचं मानधन १२. वाद्य आपलं भाडं स्वतः काढतं आणि वर थोडं उरतं. हौसेला मोल नाही म्हणतात. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक हौशींना मोलाच्या जोडीला हप्तेही असतात. त्या मानाने तुमची हौस चांगली कमावती आहे.

पण ९ रुपये भाडं देण्यासारखा फरक तुमच्या प्लायवुडच्या बासमध्ये आणि यात आहे का? हे कानाने ठरवायचं, वयाने नाही. नामांकित एकल वादकांना डोळ्यांवर काळे गॉगल लावून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली, त्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दहापैकी सहा जणांनी नवं वाद्य निवडलं. म्हणून विक्रेत्याकडून दोन आठवडे वाद्य मागून घ्या. हे, तुमचं सध्याचं आणि शक्य असेल तर त्याच किमतीतलं एक नवं कोरीव वाद्य, तिन्ही पडद्यामागे वाजवा. ऐकायला पत्नी आणि त्रयीतला पियानोवाला. कोणतं कधी वाजलं ते त्यांना सांगू नका. गजानेही वाजवा आणि बोटांनीही. ऑर्केस्ट्रात भरदार वाटणारा बास जॅझमध्ये गढूळ वाटू शकतो.

आता आतली चिठ्ठी. तिला शून्य किंमत द्या. जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेनच्या परिसरात वाद्यनिर्मिती हा घरगुती उद्योग होता. मान एका घरात, धड दुसरीकडे, जुळणी तिसरीकडे. अशा वाद्यांत थोर इटालियन कारागिरांच्या नावाच्या चिठ्ठ्या सर्रास लावल्या जात, आणि त्या काळी त्यात कोणाला वावगंही वाटत नसे. सर्ज कुसेवित्स्की हे पुढे बॉस्टन सिंफनीचे संचालक झाले, पण मूळचे बासवादक. त्यांचा बास १६११ सालचा, इटलीतल्या नामवंत अमाती बंधूंचा मानला जाई. त्यांच्या पत्नीने तो बासवादक गॅरी कार यांना दिला, कार यांनी तो कित्येक वर्षं जगभर वाजवला. पुढे लाकडातली वलयं मोजली तेव्हा ते लाकूड अठराव्या शतकातलं निघालं. अमाती बंधूंच्या हयातीशी त्याचा मेळच बसेना. आवाज होता तोच राहिला, नावाची किंमत तेवढी उडाली. तुमच्या विक्रेत्याने चिठ्ठीपोटी किमतीत काही धरलं असेल तर ते आधी वजा करा. ते खोटं बोलताहेत असं मी म्हणत नाही. त्यांनाही घेताना कोणीतरी तसंच सांगितलं असेल.

उलट उदाहरणही आहे. शिकागोच्या ‘के’ कंपनीचे प्लायवुडचे बास १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कारखान्यात निघाले. आज ब्लूग्रास आणि रॉकाबिली हे अमेरिकी संगीतप्रकार वाजवणारे ते शोधत फिरतात. ना कोरीव लाकूड, ना थोर नाव. पण दणकट, मारा सोसणारे आणि त्या संगीताला हवा तसा आवाज देणारे. किंमत अखेर वापरातून येते, हे तुमच्या त्या ‘सगळ्यां’ना सांगायला हरकत नाही.

खरा पैसा अडकतो तो अवस्थेत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पाठीवर, मधल्या भागात, एक उभी रेघ दिसते. ती वार्निशवरचा ओरखडा असेल किंवा लाकडाची चीर. सपाट पाठीच्या वाद्यात आतून आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पाठीचं लाकूड दमट-कोरड्या हवेत रुंदीत फुगतं-आकसतं, पट्ट्या तशा हलत नाहीत. त्या ओढाताणीत पट्टी सुटते किंवा पाठ तडकते. पट्टी सुटणं किरकोळ. चीर साउंडपोस्टच्या (आतल्या उभ्या दांडीच्या) जागी असेल तर ती मोठी दुरुस्ती, आणि नीट दुरुस्त केल्यावरही किंमत खालीच राहते. मानेचा सांधा, वरची पाटी बेस बारच्या (तिला आतून आधार देणाऱ्या लांब पट्टीच्या) बाजूला खचली आहे का, जुन्या तीन तारांच्या बासला चौथी तार बसवली आहे का, मोठं धड कापून लहान केलं आहे का, हे सगळं एखाद्या कारागिराकडून आरसा आणि दिवा आत घालून तपासून घ्या. तो विक्रेत्याच्या ओळखीचा नसावा. त्याची फी तुम्हीच द्या आणि अहवाल लेखी मागा. सौदा मोडला तरी ती फी वाया गेली असं समजू नका.

आता पैसे कुठून. वैयक्तिक कर्ज नको. वर नऊचं भाडं निघालं ते ठेवीचं व्याज बुडालं असं धरून. कर्जाचा दर त्याहून कितीतरी चढा असतो, तो धरला की मानधन पुरत नाही. अडीअडचणीच्या पैशातला फार तर एक महिना काढा, म्हणजे किमतीच्या १२.५ टक्के. तुमची शिल्लक वर्षाला किमतीच्या ३० टक्के होते, मानधन १२. दोन वर्षांत ८४. एकूण ९६.५. म्हणजे वाद्य ८५ ला मिळालं, तर १२ ची दुरुस्ती धरून दोन वर्षांत जवळजवळ फिटतं, आणि निवृत्तीच्या गुंतवणुकीला हात लागत नाही. तेवढी दोन वर्षं दुसरी कुठलीही मोठी खरेदी नाही, हे पत्नीशी आधी बोला. ही किंमत त्याही मोजणार आहेत.

विक्रेत्याला ८५ का परवडेल? दुकानात ठेवलं तर १०० ला विकूनही त्यांच्या हाती ८० येतील, तेही कधी, कोण जाणे. तुम्ही ८५ देताय, ओळखीचे आहात, वाद्य त्यांच्या कानावर पडत राहणार आहे. त्यांच्याशी दोन वर्षांच्या हप्त्यांचं बोला. संकोच सोडून कागदावर करार करा: मालकी कधी बदलते, हप्ता चुकला तर काय, आणि मधल्या काळात दोघांपैकी कोणाला काही झालं तर वारसांनी काय करायचं. वाद्य ताब्यात घ्याल त्या दिवसापासून विमा, आधी ठरवलेल्या किमतीचा. मानधन घेऊन वाजवलेलं वाद्य घरच्या विम्यात धरलं जाईलच असं नाही. गाडीत, मंचावर झालेलं नुकसान आणि दुरुस्तीनंतर घटलेली किंमत त्यात येते का, हे विचारून घ्या.

प्लायवुडचा बास विकू नका. उघड्यावरचे, रात्री उशिराचे कार्यक्रम त्याच्यावरच करा. म्हातारा बास घरात, ४० ते ६० टक्के आर्द्रतेत बरा.

गज किमतीत धरलाय का, हे पत्रात नाही. असेल तर त्याची किंमत वेगळी लिहून घ्या. तो पर्नाम्बुको लाकडाचा असेल तर ते ब्राझीलचं झाड २००७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत आहे, आणि टोकाला हस्तिदंत असेल तर नियम आणखी कडक. जुन्या खरेदीची पावती त्यांच्याकडे असेल तर ती आत्ताच मागा.

कारागिराचा अहवाल आला की मला पाठवा, आकडे पुन्हा मांडू. ती रेघ साउंडपोस्टपाशी चीर निघाली तर ८५ सुद्धा देऊ नका.