पहिल्या मुक्कामी सफरीसाठी धरमतरची खाडी

मुंबईच्या गेटवेहून होडीने निघून एक रात्र निवांत ठिकाणी नांगर टाकण्याचा आपला विचार उत्तम आहे. मात्र पहिल्या खेपेस अलिबागजवळच्या किहीम-आवासच्या उघड्या किनाऱ्याऐवजी रेवसच्या आत धरमतर खाडीत शिरावे, असे मी आग्रहाने सुचवीन. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा दुपारी फिरून वायव्येकडून वाहू लागतो आणि त्या वाऱ्याने पश्चिमेकडे उघड्या असलेल्या किनाऱ्यावर होडी रात्रभर डोलत राहते. खाडीत चढत्या भरतीबरोबर शिरावे, म्हणजे तळ लागलाच तरी पाणी आपल्याला सोडवते.

खरी काळजी नांगराच्या दोराची घ्यावी. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांहून अधिक असतो. ओहोटीला तीन मीटर पाणी दिसले, तर भरतीला सात मीटर होईल असे धरून त्याच्या पाचपट, म्हणजे पस्तीस मीटर दोर सोडावा. मी एकदा ओहोटीच्याच खोलीवर हिशेब केला आणि मध्यरात्री होडी सरकत तिवरांना जाऊन टेकली. नांगर वर घेताना त्याच्या फाळांना काळा, चिकट चिखल लागलेला दिसला, तर पकड चांगली होती असे समजावे. प्रवाह उलटला की होडीही फिरते, म्हणून भोवती मोकळी जागा ठेवावी. मालवाहू बार्जच्या वाटेपासून दूर राहावे, रात्री पांढरा दिवा लावावा आणि कोळ्यांच्या जाळ्यांच्या खुणा उजेड असतानाच हेरून ठेवाव्यात.