मावशी म्हणून हाक येईल

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवाचा तुझा मेसेज दोनदा वाचला. नर्सिंगच्या सीईटीचा स्कोअर सरकारी कॉलेजपर्यंत पोचला नाही, खासगीची फी बाबांना झेपणारी नाही, म्हणून एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची आणि तोवर हॉस्पिटलात काम धरायचं, असं तू ठरवलंस. बरं केलंस. घरी बसून ‘मग आता काय?’ विचारणाऱ्या पाहुण्यांना चहा देत बसण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

तीन ठिकाणांहून होकार आलाय. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात रिसेप्शन, पगार चौदा हजार. ट्रस्टच्या हॉस्पिटलात जनरल वॉर्डला अटेंडंट, साडेनऊ हजार. आणि तालुक्याच्या गावातला बारा बेडचा दवाखाना, बारा हजार, तिथले डॉक्टर म्हणाले, ‘महिनाभरात सलाईन-इंजेक्शन सगळं शिकवतो, सिस्टरच करून टाकतो तुला.’ हे वाक्य तू अवतरणचिन्हांत लिहिलंस आणि पुढं दोन हसरे चेहरे टाकलेस, त्यावरून तुझा कल कळला.

नेमकं तिथंच जाऊ नकोस.

अशा दवाखान्यांतून बारावी झालेल्या मुली पांढरा एप्रन घालून सर्रास इंजेक्शनं देतात. पेशंट त्यांना सिस्टर म्हणतात आणि त्यांनाही ते गोड लागतं. मलाही लागलं असतं. पण नर्सिंग होममध्ये पात्र नर्स पुरेशा प्रमाणात हव्यात, हे १९४९च्या नोंदणी कायद्यापासून लिहून ठेवलेलं आहे. तुला ‘करून टाकलेली’ सिस्टर ही त्या ओळीतली पळवाट आहे. शीर सापडायला पंधरा दिवसांत शिकशील गं, त्यात काही मोठं नाही. पण कुठलं औषध सावकाश द्यायचं, कुठल्या औषधानं अंगावर गांधी उठतात आणि त्यातल्या कुठल्या गांधीला घाबरायचं, हे कोण सांगणार? रात्री दोन वाजता डॉक्टर वरच्या मजल्यावर झोपलेले, पेशंटला रिॲक्शन येते, आणि तिथं उभी असतेस तू, अठरा वर्षांची. दुसऱ्या दिवशी नातेवाईक तुझंच नाव घेतात, कारण त्यांनी तुझाच हात पाहिलेला असतो.

शिवाय तिथं लागलेल्या सवयी जात नाहीत. दोन्ही हातांनी सुईला टोपण घालणाऱ्या मुली मी वॉर्डात बघितल्या आहेत. जिथून शिकून आल्या ते ठिकाण त्यातच दिसायचं. कॉलेजच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरचा, म्हणजे वॉर्डात शिकवणाऱ्या बाईंचा, अर्धा जीव असल्या सवयी मोडण्यात जातो.

आणखी एक. अशा ठिकाणी, घरोघरी नर्स-आया पुरवणाऱ्या ब्युरोतसुद्धा, ‘ओरिजिनल मार्कशीट जमा कर’ म्हणतात. द्यायची नाही. झेरॉक्स दे, स्वतः सही करून. प्रवेशाच्या वेळी जिचे मूळ कागद दवाखान्याच्या कपाटात अडकले होते, अशी एक मुलगी माझ्या बघण्यात आहे. तिचं सगळं वर्ष त्यात गेलं.

रिसेप्शनला मी नावं ठेवणार नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या डेस्कवर रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळत नाहीत म्हणून रडकुंडीला आलेला माणूस बघितला, की आजारपण म्हणजे काय त्याचा एक कोपरा कळतोच. घरी तिथल्या जादा साडेचार हजारांची खरोखर गरज असेल तर बिनदिक्कत तिथं जा, मनाला लावून घेऊ नकोस. पण तुझ्या आणि बेडच्या मध्ये काच राहील. वर्षानंतर तुला बिलाचं सॉफ्टवेअर येईल, आणि ‘मला हे काम जमेल का’ हा तुझा प्रश्न जिथल्या तिथं राहील.

उरला ट्रस्टचा वॉर्ड. माझं मत तिकडं.

आधी खरं काय ते ऐक. तिथं तुला सिस्टर कुणी म्हणणार नाही. मावशी म्हणतील. हॉस्पिटलात मावशी हे नातं नसतं, हुद्दा असतो. सरकारी कागदावर पुरुषाला ‘कक्षसेवक’ लिहितात, वॉर्डात तो मामा. तुझ्या आजोबांच्या वयाचा माणूस ‘ओ मावशी, जरा भांडं द्या’ म्हणेल आणि तू अठरा वर्षांची मावशी बेडपॅन घेऊन जाशील. पहिल्या दिवशी कसंसंच होतं.

बेडपॅन देण्यातही शिकण्यासारखं असतं. स्टीलचा बेडपॅन थंडीत तसाच अंगाखाली सरकवला की पेशंट दचकतो, आणि ऑपरेशनचा टाका असेल तर कळवळतो. आधी त्यात गरम पाणी घालायचं, ते ओतून टाकून कडा पुसून घ्यायच्या. पडदा ओढायचा. गुडघे वाकवायला सांगायचं, कमरेखाली हात घालायचा, मग सरकवायचा. हे मला कुठल्याही ट्यूटरनं शिकवलं नाही. तिसरी-चौथी शिकलेल्या एका मावशींनी शिकवलं. काढल्यावर झाकून न्यायचा, पण सिंकमध्ये रिकामा करण्याआधी आत बघायचं. काळपट, डांबरासारखं काही दिसलं तर ओतायचं नाही, सिस्टरला दाखवायचं. युरोबॅगचंही, म्हणजे नळीला लावलेल्या लघवीच्या पिशवीचंही, तेच. पिशवी जमिनीला टेकू द्यायची नाही, पेशंटच्या कमरेच्या वर उचलायची नाही, आणि लघवी किती झाली तो आकडा लिहून झाल्याशिवाय रिकामी करायची नाही. घाईघाईत पिशवी ओतून टाकणारी मावशी सिस्टरचा आख्ख्या दिवसाचा हिशेब बुडवते.

मीसुद्धा एकदा मोठी चूक केली आहे. ती तुला कधी सांगितली नाही.

१९८९ साल. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, प्रवेशाआधी सात महिने मी एका हॉस्पिटलात, नाव राहू दे, सर्जिकल वॉर्डला मदतनीस होते. चौदा नंबरला हर्नियाचे एक आजोबा. सकाळी सहाला चहाची किटली आली. सगळ्यांना चहा मिळाला आणि हे नुसते बघत राहिले. कॉटच्या दांडीला पाटी होती, एनबीएम. मला एवढंच माहीत होतं की ही ऑपरेशनवाल्यांची पाटी. त्यांचे ओठ सुकलेले. मी चहात बुडवून दोन बिस्किटं दिली, उरलेला चहाही दिला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

साडेआठला सिस्टर आल्या. ‘आजोबा, सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं?’ आजोबा माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘न्हाई.’ माझ्यासाठी खोटं बोलले बिचारे. माझ्या हातात शेजारच्या बेडची चादर होती, ती मी कितीतरी वेळ घडी घालत राहिले. मग सांगून टाकलं.

सिस्टर तिथं काहीच बोलल्या नाहीत. फोनवर भुलेच्या डॉक्टरांशी बोलल्या, ऑपरेशन दुसऱ्या दिवशीच्या लिस्टला गेलं. इचलकरंजीहून मागावरचा खाडा करून आलेला मुलगा पॅसेजमध्ये ओरडत होता आणि तोही सिस्टरवरच, माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. दुपारी लिननच्या खोलीत बोलावून त्यांनी मला समजावलं, की एनबीएम म्हणजे ‘निल बाय माउथ’, तोंडानं काहीही द्यायचं नाही, कारण भूल दिल्यावर पोटातलं वर येतं, घशाची राखण करणारं कुणी नसतं आणि ते सरळ फुप्फुसात उतरतं. ‘तुझ्या दोन बिस्किटांनी माणूस गेला असता.’ पुढचा महिनाभर एनबीएमच्या सगळ्या पाट्या मी लावायच्या आणि प्रत्येक पेशंटला त्याचं कारण माझ्या शब्दांत सांगायचं, ही शिक्षा.

म्हणून सांगते, पगार आणि इमारत बघण्याआधी तिथली सिस्टर बघ. वर्षभर तू जिच्या शेजारी उभी राहणार, तीच तुझं पहिलं कॉलेज.

ट्रस्टवाले विचारतील, कुठला वॉर्ड? आयसीयू म्हणू नकोस, ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, तर नकोच. मुलींना त्याची फार हौस असते. ओटीत मावशीच्या वाट्याला ट्रॉली, ड्रम आणि फरशी येते, पेशंट झोपलेला असतो. आयसीयूत मशिनं बोलतात. तू स्त्रियांचा मेडिसिन नाहीतर ऑर्थो वॉर्ड माग. तिथं पेशंट आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस असतात, त्यांच्याशी बोलायला मिळतं, कूस बदलायला शिकायला मिळतं. दर दोन तासांनी कूस, माकडहाड बघायचं, टाचा बघायच्या. लाल डाग दिसला की बोटानं दाबायचं आणि दाबूनही लाली जात नसेल तर लगेच सिस्टरला हाक मारायची. एवढंसं काम. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या अरुणा शानबाग यांचं नाव ऐकलं असशील. २०११ साली सुप्रीम कोर्टात त्यांचं प्रकरण गाजलं तेव्हा देशाला कळलं की सदतीस वर्षं अंथरुणावर असूनही त्यांना बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, झालेला नाही. ते तिथल्या नर्सेसचे हात. २०१५ मध्ये त्या गेल्या तोवर त्यांची सेवा केईएममध्येच झाली.

त्याच गोष्टीची दुसरी बाजूही लक्षात ठेव. त्या स्वतः तिथं नर्स होत्या, आणि १९७३ साली ज्या हल्ल्यानं त्या अंथरुणाला खिळल्या तो झाला हॉस्पिटलच्या आत, तळघरात, तिथल्याच कामगाराकडून. तेव्हा रात्री लिनन आणायला, मॉर्च्युरीकडं, स्टोअरला एकटी जायचं नाही. ‘भित्री’ म्हटलं तर म्हणू दे.

रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बीच्या लशीचा पहिला डोस घे. दुसरा महिन्यानं, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. हॉस्पिटल देत असेल तर उत्तम, नसेल तर पदरचे पैसे घाल, पण घे. कचऱ्याचे रंग पहिल्या आठवड्यात पाठ कर. रक्ताचा कापूस नि ड्रेसिंग पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या नि हातमोजे लालमध्ये, काच निळ्यात, सुया-पाती सुई आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात. मावशींना सुया टोचतात त्या इंजेक्शन देताना नव्हे, कुणीतरी चादरीत नाहीतर चुकीच्या पिशवीत टाकलेल्या सुया टोचतात. टोचलीच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं, पिळायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही आणि त्याच मिनिटाला सिस्टरला सांगायचं. एचआयव्ही टाळायची औषधं लागणार असतील तर ती दोन तासांत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. लाजून दोन दिवस गप्प बसलेल्या बायका मी बघितल्या आहेत.

आणि कुणी म्हणालं, ‘मावशी, तेवढी सलाईन बदला’, तर ‘मला येत नाही’ म्हणायचं. आलं तरी. बघायचं सगळं, विचारायचं सगळं, करायचं फक्त आपलं काम.

पगाराची चिठ्ठी माग. ईएसआय (कामगारांचा आजारपणाचा विमा) आणि पीएफ कापतात का ते विचार. साडेनऊ हजारांवर ईएसआयचे तुझे एकाहत्तर-बाहत्तर रुपये जातील, पण आजारी पडलीस तर उपयोगी पडतील. नाइट ड्यूटी आठवड्याला किती, हे आधीच ठरवून घे. नाइट करून आलेल्या डोक्यात बायोलॉजी शिरत नाही, परीक्षेच्या दोन महिने आधी नोकरी सोडायची म्हणजे सोडायची. तिथल्या बायका ‘राहा की अजून’ म्हणतील, पगाराची सवय झालेली असेल. माझ्याबरोबरच्या दोघी अशाच राहिल्या.

जाहिरातीतला ‘सहा महिन्यांत नर्स’ कोर्स चुकूनही घेऊ नकोस. जीडीएचा (जनरल ड्यूटी असिस्टंटचा) कोर्स अटेंडंटच्या कामासाठी ठीक आहे, त्यानं नर्स होता येत नाही. नर्स व्हायचं तर एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बीएस्सी चार, आणि संस्थेचं नाव इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत हवं. बीएस्सी पुन्हा हुकलंच तर जीएनएम कर. पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. मी त्याच वाटेनं गेले आणि परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर, म्हणून निवृत्त झाले.

तू विचारलंस, ‘मला किळस आली तर?’ येईल. पहिल्या आठवड्यात जेवण जाणार नाही. वास महिनाभरात नाकाला सरावतो, त्यावरून काही ठरवू नकोस. तीच म्हातारी तासाभरात पाचव्यांदा हाक मारते आणि उशीच सरळ करायची असते, तेव्हा तुझ्या पोटात काय होतं ते बघ. चिडशील, सगळेच चिडतात. सहा महिन्यांनीही त्या म्हातारीचा रागच येत असेल, तर मला फोन कर, आपण लॅब टेक्निशियनचं बघू. त्यात कमीपणा नाही.

होकार कळवण्याआधी एक काम कर. ट्रस्टच्या हॉस्पिटलात दुपारी पावणेदोनला जा, कुणाला तरी भेटायला आल्यासारखी, आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बस. ती ड्यूटी बदलायची वेळ. सकाळची सिस्टर दुपारच्या सिस्टरला बेडजवळ उभी राहून एकेक पेशंट सांगते का टेबलावरूनच वही सरकवते, ते बघ. मावशींना नावानं हाक मारतात का ‘ए’ म्हणून, ते ऐक. अर्धा तास पुरे. मग संध्याकाळी मला फोन कर.

तुझी,
खरीखुरी मावशी

ता. क. : पैंजण घरी ठेवून जा. रात्रीच्या वॉर्डात नुकता डोळा लागलेला माणूस त्या आवाजानं जागा होतो.