सांगलीहून ऐरोलीला शिफ्ट होताय: घोडबंदर की खारघर?

राहण्याच्या खर्चाची तुलना करणाऱ्या कॅल्क्युलेटरचा जो स्क्रीनशॉट तुम्ही पोस्टमध्ये टाकलाय, तो आधी बाजूला ठेवा. घोडबंदरसाठी 'ठाणे' एक आकडा आणि खारघरसाठी 'नवी मुंबई' एक आकडा, त्यातला कमी कुठला असं तुम्ही विचारताय, पण कळव्यातली जुनी बिल्डिंग पण ठाण्यातच आणि कासारवडवलीचा टॉवर पण ठाण्यातच, ऐरोली आणि तळोजा दोन्हीला लोक नवी मुंबईच म्हणतात, यांची सरासरी काढून हाताला काय लागणार? तुमची केस अशी आहे की ऑफिस ऐरोलीत, घरात दोघं आणि पाच वर्षांची मुलगी, आणि आत्ता राहताय सांगलीत स्वतःच्या घरात. माझं म्हणणं एवढंच आहे की घरभाडं आणि रोजचं येणं-जाणं हा एकच खर्च धरा, दोन वेगळे रकाने केलेत की हमखास स्वस्त भाड्याला भुलणार.

घोडबंदरचंच बघा. घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीपासून ठाणे स्टेशन साधारण १० किलोमीटर धरा. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७.१४, म्हणजे एका वेळचे १७० च्या वर गेले, जाऊन-येऊन साडेतीनशे, महिन्याचे २२ दिवस धरले तर साडेसात हजार. आता रोज एकटा माणूस मीटरने जात नाही हे मान्य, टीएमटीची (ठाणे पालिकेची) बस आहे, शेअर रिक्षा आहे, पण पावसाळ्यात सकाळी नऊला लाईन बघून किती वेळा मीटर पकडाल ते तुमचं तुम्ही ठरवा. पुढे ट्रान्स-हार्बरने (ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल) ऐरोली म्हणजे मधलं एकच दिघा गाव, पास अगदी स्वस्त, आणि तिमाही पास महिन्याच्या २.७ पट पडतो तेव्हा तिमाहीच काढा. म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही जातात ते स्टेशनपर्यंत पोचण्यात, लोकलमध्ये नाही. बाईकने जाईन म्हणाल तर कळवा-विटाव्यातून जायचं, आणि विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की झालं कल्याण. घोडबंदरला वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ च्या नावाने भाडं वाढवून मागतात, तिथे ब्रोकरला सरळ सांगायचं की आज गाडी कुठून सुटते ते दाखव. आणि कुठल्याही सोसायटीत टोकन द्यायच्या आधी वॉचमनला गाठून विचारा, मे महिन्यात टँकर किती येतात म्हणून. मालक मेंटेनन्स मीच भरतो म्हणेल, पण टँकरचे पैसे कोणाचे ते ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या.

खारघर राहायला छानच आहे, मोकळं आहे, आणि ठाणे-पनवेल लोकल खारघरहून थेट ऐरोलीला येते, बदलायची भानगड नाही. पण त्या गाड्या वरचेवर नाहीत, एक सुटली की फलाटावर उभे. स्टेशनपासून लांबच्या सेक्टरला भाडं कमी दिसेल, तिथे बेलापूर-पेंधर मेट्रो (२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये चालू झाली) जवळ आहे का तेवढं बघा, नाहीतर परत रिक्षाच. आणखी एक गोष्ट लोकांना उशिरा कळते, खारघर नवी मुंबई महापालिकेत नाही, पनवेल महापालिकेत आहे. नवी मुंबई पालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, खारघरचं पाणी सिडकोकडून (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी), त्यामुळे उन्हाळ्यातला पाण्याचा अनुभव दोन्हीकडे सारखा नाही.

मी तुमच्या जागी असतो तर पहिले दोन्ही सोडून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे एवढंच बघितलं असतं. टॉवर नको, सिडकोच्या जुन्या सोसायट्या किंवा रो हाऊसचा वरचा मजला. गावठाणात 'गरजेपोटी' (म्हणजे मूळ गावकऱ्यांनी परवानगीशिवाय) बांधलेल्या बिल्डिंग आहेत, भाडं बरंच कमी असतं, पण लिफ्ट, पार्किंग आणि मुख्य म्हणजे मालक ॲग्रीमेंट रजिस्टर करून देतोय का ते आधी विचारा, गॅस कनेक्शन, बँक, शाळा सगळ्यांना तोच कागद लागतो. लाईटचं मीटर स्वतंत्र आहे का सबमीटर (मालकाच्या मीटरवरून जोडलेलं) तेही बघा, सबमीटरवाले युनिटला मनाला येईल तो रेट लावतात.

रजिस्ट्रेशनचा बाऊ एजंट करतात, तसा तो नाहीये. समजा भाडं २५,००० आणि डिपॉझिट १ लाख, तर ११ महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवर १० टक्के व्याज, त्या बेरजेवर ०.२५ टक्के स्टँप ड्युटी, म्हणजे सातशेच्या आसपास, आणि रजिस्ट्रेशन फी १,०००. वर एजंट जे मागेल ती त्याची मजुरी. खरा दणका डिपॉझिट, एक महिन्याची ब्रोकरेज आणि टेम्पोचा बसतो, ते पगार यायच्या आधी खिशात पाहिजेत.

किराणा, दूध, गॅस यात सांगली आणि इथे मोठा फरक नाही, उगाच घाबरू नका. तुर्भ्याला एपीएमसी (बाजार समिती) आहे म्हणून भाजी फुकट मिळेल असंही नाही, ते होलसेल आहे, खालचा भाजीवाला त्याचा मार्जिन लावणारच, संध्याकाळी स्टेशनबाहेर मात्र बरं मिळतं. वीज दोन्हीकडे महावितरणच, रेट तोच, फक्त इथल्या दमटपणात मार्च ते जून एसी लागतो आणि ३०० युनिटच्या वर गेलात की पुढचा स्लॅब चांगलाच चावतो. कामवाल्या मावशी एकेका कामाचे वेगळे पैसे घेतात, एकाच सेक्टरमध्ये टॉवरचा रेट वेगळा आणि जुन्या सोसायटीचा वेगळा.

तुमच्या यादीत नसलेला खर्च सांगू? सांगलीत घरभाडं नाही, शेतातून गहू-ज्वारी येते, मुलीला आजी सांभाळते. हे सगळं इथे विकत घ्यायचंय. वहिनी पण नोकरी बघणार असतील तर डे-केअर धरा, त्यांच्या पगारातून तो वजा करूनच काय उरतं ते बघा. शाळेची वेबसाईटवरची फी बघून हिशोब करू नका, बसचे पैसे बऱ्याचदा त्यात नसतात.

ऑफर लेटरमधलं एचआरए (घरभाडे भत्ता) पण तपासा. जुनी टॅक्स सिस्टीम घेणार असाल तर ठाणे किंवा नवी मुंबईत राहून एचआरए सुटीला मुंबईची बेसिकच्या ५० टक्के मर्यादा मिळत नाही, ४० टक्केच. नवीन सिस्टीममध्ये तर एचआरएची सूटच नाही.

तुमच्या पोस्टखाली कोणीतरी मुलुंडचाही विषय काढलाय, पण टोलमुळे ते नको म्हणून. ते जुनं झालं, ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली नाक्यावर कारला टोल नाही. पण मुलुंडचं भाडं बघा म्हणजे टोलची आठवणच येणार नाही.

खारघरच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे सांगतो, गावी जाणं. सांगलीकडची गाडी कळंबोलीला पकडता येते, ठाण्याहून निघालात तर तिथपर्यंतच तास-दीड तास. एसटीला महिलांना अर्धं तिकीट आहे, दिवाळीला खासगी ट्रॅव्हल्सचे दर बघितल्यावर त्याची किंमत कळेल. महिन्यातून एकदा जाणार असाल तर वर्षाचा खर्च आत्ताच मांडा.

मुलीला मराठी माध्यम का सीबीएसई, आणि भाडं अधिक प्रवास मिळून जास्तीत जास्त किती झेपेल, एवढं दोनच सांगा, मग कुठले सेक्टर बघायचे ते लिहितो.