वाचक विचारतात: अमेरिकेच्या राजकारणातल्या बायकांवर इंदूरमध्ये बसून रिसर्च

प्रश्न: नमस्कार ताई, मी इंदूरला पॉलिटिकल सायन्समध्ये एम.ए. करतेय. डेझर्टेशनचा टॉपिक घेतलाय 'अमेरिकेच्या राजकारणात महिलांची भूमिका'. गाइड म्हणतात फार पसरट आहे, त्यापेक्षा आपल्या सुमित्राताई महाजन आणि नॅन्सी पेलोसी यांची तुलना कर, दोघी स्पीकर होत्या. काय करू? आणि तिकडे न जाता मटेरियल मिळेल का?
– एक वाचक, सुदामा नगर

उत्तर: पसरट आहे हे गाइडचं म्हणणं अगदी बरोबर गं. 1848 ची सेनेका फॉल्सची महिला हक्कांची सभा, 1920 चा मताधिकार, मग हिलरी, मग कमला हॅरिस असं लिहीत गेलीस तर पानं भरतील, पण त्यात तुझं स्वतःचं काय असेल? तुलना मात्र मला पटत नाही. सुमित्राताई इंदूरमधून 8 वेळा निवडून आल्या, 2014 मध्ये लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या, पेलोसी 2007 मध्ये तिकडच्या खालच्या सभागृहाच्या, म्हणजे हाउसच्या, स्पीकर झाल्या, हे सगळं खरं, पण आपल्याकडे अध्यक्षाने पक्षापासून लांब राहावं अशी अपेक्षा असते आणि तिकडे स्पीकर म्हणजे बहुमतवाल्या पक्षाचा सभागृहातला नेताच, मतं जमवून बिलं पास करून घेणारा. अर्धं डेझर्टेशन हा फरक समजावण्यातच जाईल.

माझं ऐकशील तर नवऱ्याच्या जागी आलेल्या बायका हा विषय घे. नेता गेला की बायकोला तिकीट, हे आपण इकडेही बघत आलोय, त्यामुळे बारकावे तुला पटकन दिसतील. तिकडे नियमच दोन आहेत, हाउसची जागा रिकामी झाली तर निवडणूकच घ्यावी लागते, सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, मात्र बहुतेक राज्यांत गव्हर्नर कुणालातरी तात्पुरतं नेमू शकतो. आर्कान्साची हॅटी कॅरवे अशीच 1931 मध्ये नवरा गेल्यावर नेमली गेली, सगळ्यांना वाटलं थोडे दिवस बसेल आणि घरी जाईल, पण 1932 मध्ये तिने पूर्ण टर्मसाठी फॉर्म भरला, शेजारच्या लुइझियानाचा सिनेटर ह्यूई लाँग तिच्या प्रचाराला येऊन गावोगाव फिरला आणि ती जिंकली. 1938 मध्ये परत जिंकली.

आणि लिंडी बॉग्ज तर मला फारच आवडते. नवरा हेल बॉग्ज काँग्रेसमधला, म्हणजे तिकडच्या संसदेतला, मोठा नेता, 1972 मध्ये त्यांचं विमान अलास्कात बेपत्ता झालं, पुढच्या वर्षी ती निवडून आली आणि बँकिंग कमिटीत बसली. तेव्हा बँका कर्ज द्यायला बायकांकडून नवऱ्याची सही मागायच्या. कर्ज देताना भेदभाव नको असं बिल कमिटीपुढे आलं, त्यात वंश वगैरे होतं पण बाईचा उल्लेखच नाही, तर हिने हाताने 'स्त्री-पुरुष किंवा वैवाहिक स्थिती' असे शब्द घातले, झेरॉक्स काढून सगळ्या मेंबरांना वाटल्या आणि गोडपणे म्हणाली की हे तुमच्याकडून नजरचुकीने राहिलं असणार. 1974 च्या कायद्यात ते शब्द आहेत. म्हणून सांगते, किती बायका निवडून आल्या एवढंच मोजू नकोस, कुठल्या कमिटीत बसल्या आणि बिलात काय बदललं ते शोध, खरी गंमत तिथे आहे.

मटेरियल घरबसल्या भरपूर मिळेल. हाउसच्या इतिहास विभागाच्या साइटवर काँग्रेसमधल्या बायकांची चरित्रं फुकट आहेत, लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे जुने पेपर स्कॅन केलेले आहेत, आकड्यांसाठी रटगर्स युनिव्हर्सिटीचं अमेरिकन महिला आणि राजकारण यावरचं सेंटर बघ. आधी एक साधी एक्सेल शीट कर, नवरा कधी गेला, नेमणूक की निवडणूक, नंतर परत उभी राहिली का, कमिटी कुठली. पंधरा-वीस नावं भरलीस की तुझा प्रश्न तुलाच सापडेल, मग गाइडकडे जा.

प्रश्न: आपल्याकडे पंचायतीत महिलांना आरक्षण आहे, मग अमेरिकेत का नाही?
– एक वाचक, रामबाग

उत्तर: तिकडे एका मतदारसंघातून एकच माणूस आणि त्याचं तिकीटही प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या निवडणुकीत, मतदारच ठरवतात, त्यामुळे पक्षाने मनात आणलं तरी अमुक इतक्या बायका असं ठरवून देता येत नाही. त्यात बसलेला खासदार सहसा हरत नाही, म्हणून बायकांना वाट मिळते ती रिकाम्या जागांवर. 1992 बघा, मतदारसंघ नव्याने आखले गेले, खूप जण रिटायर झाले, आदल्या वर्षी सुप्रीम कोर्टाच्या उमेदवारावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या अनिता हिलच्या सिनेटमधल्या सुनावणीने बायका चिडलेल्या होत्या, आणि एकाच नोव्हेंबरमध्ये 4 नव्या बायका सिनेटवर निवडून आल्या.