गाडीत काय ठेवशील?

भाऊ, सीट कव्हर नंतर घे, आधी स्टेपनी उघडून बघ. दुकानदार देतो तेव्हा ती भरलेली असते, मग वर्षभर तिच्यात कोणी हवा तपासत नाही.

जॅक आणि व्हील पाना गाडीसोबत येतोच, पण आपल्याकडे तेवढ्यानं भागत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत जॅक लावला की गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच खाली जातो. म्हणून सागाच्या जाड फळीचा वीतभर तुकडा डिकीत टाकून ठेव. सुताराकडे फुकटात मिळतो, आणि माझ्या मते साऱ्या सामानात तोच सगळ्यात कामाचा. नट चारचाकी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, उचलल्यावर नाही. बाभळीचा काटा ट्रेडमध्ये, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात घुसला तर ट्यूबलेसचं पंक्चर किट चालतं. टायरची बाजू फाटली तर मात्र स्टेपनीच.

बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायला जम्पर केबल लागते, ती जाड घे. लाल वायर प्लसला, काळी शेवटी बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर.

उन्हाळ्यात पाच लिटर पाणी हवंच. गरम रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नको, वाफेनं हात भाजतो. पॉवर बँक आणि डिओ उन्हातल्या गाडीत ठेवू नको.

टॉर्च, दोर, रिफ्लेक्टरचा त्रिकोण, फ्यूज, मलमपट्टी हे तर आलंच. मेळघाटात रेंज जाते, म्हणून घरचे नंबर कागदावर लिही. रेंज असली तर मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. जंगलाच्या रस्त्यावर रात्री गाडी बंद पडली तर आधी काचा वर, इंडिकेटर चालू. खाली उतरायची घाई नको.