"त्यासाठी माणूस ठेवलाय ना!"

डॅलस, 5 जून

चि. सई,

तुझा प्रश्न मिळाला. नागपुरात बर्डीच्या मॉलमधून सामान घेऊन निघताना लोकांनी ट्रॉल्या जिथल्या तिथे सोडल्या. तू आपली परत ठेवायला निघालीस, तर मामा म्हणाला, "राहू दे, त्यासाठी माणूस ठेवलाय ना!" आजी मात्र गोकुळपेठच्या बाजारात भाजीवाल्या मावशींना आधी "जेवल्या का?" विचारते आणि मगच सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी मागते. यातली मराठी रीत कोणती, असं तू विचारलंस.

दोन्ही आपल्याच गं. आजीची रीत समोरासमोरच्या बाजारात घडली आहे. इतवारीतल्या जुन्या किराणा दुकानात गिऱ्हाईक मालाला हात लावत नाही. आपण यादी वाचायची, दुकानातला माणूस तूरडाळ, फल्लीदाणे, गूळ मोजून पुढ्यात ठेवतो. त्यामुळे गिऱ्हाईक चांगलं की त्रासदायक, हे त्याच्या वागण्या-बोलण्यावरून लगेच कळतं. यादी घरूनच करून न्यावी. गर्दीच्या वेळी "अजून काय बरं राहिलं" करत उभं राहू नये. सकाळी बोहणीच्या वेळी घासाघीस करून रिकाम्या हाताने निघू नये, आणि दहा रुपयांच्या मालाला पाचशेची नोट काढू नये. हे कोणी बसवून शिकवत नाही, मुलं आजीची थैली धरून चालताना शिकतात. मोठ्या दुकानात समोर कोणी नसतं. माल आपणच काढतो, आपणच ढकलत नेतो, आणि मागे राहिलेला पसारा कोण आवरतं ते आपल्याला दिसतही नाही. न दिसणाऱ्या माणसाशी नीट वागायची सवय आपल्याकडे अजून पुरती लागलेली नाही. मामाच्या बोलण्याचा अर्थ एवढाच.

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून ते नीट उलगडून सांगते. ट्रॉली निघाली आपल्या शेजारच्या ओक्लाहोमा सिटीत, 1937 मध्ये. टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं, हे सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या लक्षात आलं. घडीच्या खुर्चीवरून त्याला कल्पना सुचली आणि त्याने चाकांच्या सांगाड्यावर दोन टोपल्या बसवल्या. सुरुवातीला लोक ती ढकलायला लाजत, तेव्हा त्याने पगार देऊन माणसं आणली आणि खोटं गिऱ्हाईक म्हणून दुकानात फिरवली! थोडक्यात, विक्री वाढावी म्हणून ट्रॉली आली. गिऱ्हाइकाने माल स्वतः काढायची पद्धत पडली की माल काढून देणारी माणसं कमी लागतात. मग जो माणूस उरतो, त्याच्याकडे ट्रॉल्यांशिवाय खोकी उतरवणं, सांडलेलं पुसणं, रिकाम्या फळ्या भरणं अशी दहा कामं असतात. तो ठेवलेला असतो रांगेतल्या ट्रॉल्या दारापर्यंत आणायला. गाड्यांच्या मधून एकेक हुडकून काढायला नव्हे. असा माणूस पुष्कळदा कंत्राटदारामार्फत, महिन्याच्या ठरलेल्या पगारावर असतो. ट्रॉल्या विखुरल्या म्हणून त्याला जास्त पैसे मिळत नाहीत, घरी जायला उशीर तेवढा होतो.

"आपण सगळं नीट ठेवलं तर त्याची नोकरी जाईल," असंही कोणीतरी तुला ऐकवेल. जात नाही. रांगा दारापर्यंत न्याव्याच लागतात, दांडे पुसावे लागतात, बिघडलेल्या ट्रॉल्या बाजूला काढाव्या लागतात. पार्किंगमध्ये पसारा जास्त आहे म्हणून कोणी मालक जास्त माणसं घेत नाही.

आणि इथले लोक ट्रॉली जागेवर ठेवतात ते जात्याच शहाणे म्हणून, असंही समजू नकोस. इथे पार्किंगमध्ये थोड्या थोड्या अंतरावर त्यासाठी कठडे केलेले असतात. आल्डी नावाच्या दुकानांत तर पाव डॉलरचं नाणं अडकवल्याशिवाय ट्रॉली सुटत नाही आणि परत लावल्याशिवाय नाणं मिळत नाही. सोय केली की सवय लागते. नागपुरात बऱ्याच ठिकाणी पार्किंगमध्ये तशी जागाच आखलेली नसते. मग ती दारापर्यंत नेणं हे गिऱ्हाइकाच्या मनावर राहतं.

आता नेमकं काय करायचं ते. घेतानाच ट्रॉली रिकामी दोन पावलं ढकलून बघ. ती एका बाजूला ओढत असेल किंवा पुढचं चाक फडफडत असेल, तर बहुतेक वेळा आसाला दोरा, केस किंवा खोक्याची प्लास्टिक पट्टी गुंडाळलेली असते. अशी ट्रॉली पुन्हा रांगेत ढकलू नकोस, पुढचा माणूस तीच घेईल. बाजूला उभी कर आणि तिथल्या दादांना सांग. पुष्कळ ट्रॉल्यांची पुढची दोन चाकं फिरती असतात आणि मागची स्थिर, अशी असेल तर वळताना दांडा आडवा सरकवावा लागतो, नुसता जोर लावून उपयोग नाही. थांबायचं तर फळीला लागून, लांबीत उभी कर. आडवी लावलीस की माल भरणाऱ्याची खोक्यांची गाडी अडते आणि तो बिचारा तोंड उघडून काही बोलत नाही.

परत ठेवताना आधी ती पूर्ण रिकामी कर. बिलं, चॉकलेटचे कागद, गळक्या दुधाच्या पिशवीचं पाणी, काही राहू देऊ नकोस. मग लहान मुलाला बसवायची जागा घडी करून आत दाब. हे लोक हमखास विसरतात. ट्रॉलीची मागची जाळी वरून बिजागरीवर असते. मागून दुसरी ट्रॉली शिरली की ती वर उचलली जाते आणि एकीत एक बसते. ही युक्ती 1946 मध्ये कॅन्सस सिटीच्या ओर्ला वॉटसनने काढली. घडीची जागा उघडी राहिली तर जाळी उचलली जात नाही, मागची ट्रॉली अर्धवट अडकते आणि रांग वाटेत येते. लहान आणि मोठ्या ट्रॉल्या एका रांगेत घालू नकोस, त्या एकमेकींत रुततात आणि सोडवायला दोन माणसं लागतात. रिकामी मोठी ट्रॉली साधारण 20 ते 25 किलोची. दहांची रांग म्हणजे 200 किलोच्या वर, आणि ती एक माणूस उतारावरून वर ढकलत असतो. तो रांग नेत असेल तेव्हा आपली ट्रॉली त्याच्या रांगेला मागून जोडायची घाई करू नये. हातातला तोल जातो. तो थांबला की विचारून लाव.

मामाकडे गाडी आहे, पण नागपूरचं बरंचसं गिऱ्हाईक ॲक्टिव्हावर येतं. त्यामुळे खरा घोटाळा पार्किंगपेक्षा दारात होतो. लोक गार्डच्या पुढ्यातच थैल्या भरतात आणि रिकामी ट्रॉली तिथेच सोडतात, की मागच्यांची वाट बंद. दोघं असाल तर एकाने गाडी आणायला जावं, दुसऱ्याने ट्रॉली भिंतीकडे घेऊन थांबावं. तेलाचा डबा, तांदूळ पायाशी, हलकी थैली हुकाला, आणि मग ट्रॉली रांगेत. तळघरातल्या पार्किंगमध्ये नेली असेल तर उतारावर कधीच सोडू नकोस. हळूच सुटते आणि ओळीने लावलेल्या दुचाक्यांवर जाऊन आदळते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच सरला, पण पाऊस येईपर्यंत नागपुरात दुपारी पाय भाजतात. उघड्या पार्किंगमध्ये राहिलेली ट्रॉली आणायला कोणाला तरी त्या उन्हात जावं लागतं, आणि तापलेल्या लोखंडी जाळीला हात लावायचा म्हणजे चटकाच.

यात मामाशी वाद घालायची गरज नाही. "दोन मिनिटं मामा, आलेच," म्हण आणि जा.

ट्रॉलीपेक्षाही जास्त त्रास नको झालेल्या वस्तूंचा होतो. बिस्किटांच्या फळीवर ठेवून दिलेलं पनीर किंवा दही दुकान परत विकू शकत नाही, कारण ते किती वेळ बाहेर होतं हे कोणालाच सांगता येत नाही. असं नाशवंत दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एक तासच. म्हणून ते फेकतात, आणि नुकसानीच्या नोंदीत लिहायचं काम त्या विभागाच्या माणसाचं. विचार बदलला तर थंड वस्तू स्वतः फ्रिजपाशी नेऊन ठेव, नाहीतर बिलाच्या काउंटरवर "ताई, हे नको" म्हणून हातात दे. साबण, डाळ असलं काही असेल तरी काउंटरवर दिलेलं बरं. चुकीच्या फळीवर ठेवलेली वस्तू शोधण्यापेक्षा हातात आलेली जागेवर नेणं सोपं.

काउंटरवर जड वस्तू आधी, बारकोड वर. सुट्या मालाला वजनाची चिठ्ठी लावलेली आहे ना, ते रांगेत लागण्याआधी बघ. चिठ्ठी नसली की माणूस वजनकाट्याकडे धावतो आणि मागची रांग काउंटरवरच्या मुलीवर चिडते. नोट दिलीस तर "पाचशे" असं मोठ्याने म्हण, गल्ल्यात कमी पडलं तर जाब तिलाच द्यावा लागतो. यूपीआयने दिलेस तर पैसे पोचल्याचं ती बघेपर्यंत थांब. फोनवर बोलत बोलत बिल करू नकोस, हे मला अजिबात आवडत नाही. आणि आजीचं "जेवल्या का?" इथे मोजणी चालू असताना विचारू नकोस. बिल हातात आल्यावर "चला ताई, येते" एवढं पुरेसं आहे.

काउंटरवरच्या मुली उभ्या का असतात, असं तुला वाटलं असेल. कामाच्या वेळात बसण्याचा हक्क केरळने 2018 मध्ये कायद्यात घातला, तमिळनाडूने 2021 मध्ये. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने तेव्हा दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तास ठरवले, आठवड्याची सुट्टी दिली. रात्री साडेनऊनंतर काम असेल तर बाईची संमती आणि तिला घरापर्यंत सोडायची व्यवस्था असावी, असंही त्यात आहे. कागद आणि व्यवहार यात अंतर असतंच. म्हणून दुकान बंद व्हायला पंधरा मिनिटं असताना महिन्याचं सामान भरायला शिरू नये. शटर पडल्यावरही त्यांचा गल्ला जुळवायचा असतो, झाडायचं असतं आणि मग बस गाठायची असते. कोणी क्षणभर टेकलेली दिसली तर तोंड वाकडं करू नये.

दारावरचा गार्ड थैलीला प्लास्टिकची पट्टी लावतो, जाताना बिल तपासतो. तो आपल्यावर संशय घेत नाही, त्याला ते सांगितलेलं असतं. बिल थैलीच्या तळाशी न टाकता हातात ठेव.

हाक मारायची ती "दादा", "भाऊ", "ताई", "मावशी". चुटकी नाही, "शुक शुक" नाही, "ए" तर नाहीच. तुझी मावसभावंडं एकमेकांना "का बे" म्हणतात ते आपसात ठीक, कामावरच्या माणसाला नाही. सुरुवात मराठीत कर. बालाघाट, छिंदवाड्याकडची बरीच माणसं नागपुरात कामाला असतात, ती हिंदीत बोलली तर हिंदीत बोल. नागपुरात त्याचं कोणाला काही वाटत नाही.

तुला आपली जुनी रीत बघायची असेल तर आजीबरोबर इतवारीत जा. भरलेला हातठेला येताना दिसला की माणसं आपणहून दुकानाच्या पायरीवर चढतात. ठेल्याला ब्रेक नसतो, एकदा थांबला की पुन्हा हलवायला सगळा जोर लावावा लागतो, म्हणून ओझेवाल्याला आधी वाट. पोत्यांची ने-आण करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदा आहे, पण वाट द्यायला कायदा लागला नाही. मॉलमध्ये ट्रॉल्यांची रांग ढकलणाऱ्यालाही तशीच वाट दे.

एक मात्र स्पष्ट सांगते, नाहीतर तुला सगळं छानच वाटेल. गोड बोलणं आणि काम करणाऱ्यांसाठी वेगळा ठेवलेला पेला, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच घरात नांदल्या. काही घरांत अजून आहेत. दीक्षाभूमी तू पाहिलीस ना? 14 ऑक्टोबर 1956 ला तिथे लाखो माणसं जमली, त्यामागे अशा पेल्यांचाही इतिहास आहे. किराणा घरपोच आणणारा मुलगा किंवा 14.2 किलोचं सिलिंडर खांद्यावर आणणारे दादा आले की पाणी घरातल्याच पेल्यात दे. लिफ्ट बंद असेल तर आधी फोनवर सांग, आणि पैसे सुटे काढून ठेव.

राहिलं बक्षिसाचं. दिवाळीला वॉचमन, कचरा नेणाऱ्या ताई यांना पोस्त देतात, ते आजी बघते. मोठ्या दुकानात मात्र कर्मचाऱ्यांना पैसे घ्यायला बहुधा मनाई असते. तू हातात नोट कोंबलीस तर अडचण त्यांची होते. कोणी चांगली मदत केली तर बाहेर पडताना मॅनेजरला सांग किंवा अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिही. नाव बिल्ल्यावर असतं, काउंटरचा नंबर आणि वेळ बहुधा बिलावर छापलेली असते. तक्रारी सगळे लिहितात, कौतुकाची ओळ क्वचित येते. मराठीत लिही, शुद्धलेखन आजीला दाखव.

तुझी,
आई