बुलपेन (सामन्याच्या मध्यात उतरणाऱ्या बदली पिचरांचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचा, ताफा) कमकुवत असेल तर बेसबॉल संघाने प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांची) आशा सोडावी का?

नाही, सामना सुरू करणारे पिचर, म्हणजे स्टार्टर, दमदार असतील तर अजिबात सोडू नका. 2019 चा वॉशिंग्टन नॅशनल्स संघ आठवून पाहा: सुरुवात 19 विजय, 31 पराभव, बुलपेनचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर जाणाऱ्या धावा; जितका कमी तितका चांगला) 5.66, म्हणजे त्यांच्या नॅशनल लीगमध्ये सर्वात वाईट. तरीही वर्ल्ड सीरिज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, त्यांनीच जिंकली. 162 सामन्यांच्या सीझनमध्ये चार-पाच भरवशाचे रिलीव्हर (बदली पिचर) लागतातच, पण प्लेऑफमध्ये मध्ये सुट्टीचे दिवस असतात आणि स्टार्टरलाच रिलीव्हर म्हणून उतरवता येतं. वर्ल्ड सीरिजच्या ह्यूस्टनविरुद्धच्या सातव्या, निर्णायक सामन्यात नॅशनल्सने फक्त तीन पिचर वापरले. शेरझरने पाच इनिंग टाकल्या, एरवी स्टार्टर असलेल्या कॉर्बिनने तीन आणि शेवटची डॅनियल हडसनने. हा हडसन जुलैअखेर ट्रेडची (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत संपताना टोरांटोकडून आणलेला! ह्यूस्टनच्या ब्रँटलीची बॅट त्याच्या चेंडूवर हवेत फिरली आणि विजेतेपद ठरलं. शेवटच्या टप्प्यातल्या एका साध्या सौद्याची किंमत मला तरी तिथेच कळली. त्यामुळे मोठ्या नावामागे धावण्यापेक्षा नववी इनिंग शांतपणे टाकणारा एक माणूस आणणं जास्त मोलाचं.

मात्र 2022 पासून प्लेऑफची पहिली, वाइल्ड कार्ड फेरी सलग तीन दिवसांत जास्तीत जास्त तीन सामन्यांची आहे. तिथे सुट्टी मिळत नाही, त्यामुळे थेट पुढच्या फेरीत न गेलेल्या संघाचं दुबळं बुलपेन लगेच उघडं पडतं. शिवाय नवा खेळाडू 31 ऑगस्टपर्यंत संघाच्या ताब्यात आला नाही, तर सहसा प्लेऑफला चालत नाही.